पेशीपटलातील दारे आणि सर्पदंशाचा रुग्ण

सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्तजन यांस सादर होणाऱ्या या अहवालात आकडेवारीची पाने पुष्कळ आहेत. त्या पानांतील प्रतिविष व अतिदक्षता उपचार ही बाब अशी आहे की, तिच्याविषयी सर्वसाधारण सभेत दरवर्षी कोणी ना कोणी प्रश्न विचारतोच. सर्पदंशाच्या रुग्णास प्रतिविषाच्या कुप्या दिल्या, त्यांचा खर्च समजला. परंतु विषावर उतारा दिल्यानंतरही त्यास चार-चार, सहा-सहा दिवस कृत्रिम श्वसनयंत्रावर का ठेवावे लागते? प्रश्न रास्त आहे. दुसरा प्रश्न सभेत विचारला जात नाही. तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात. रुग्ण डोळे उघडत नाही, हात हलवत नाही, चिमटा काढला तरी प्रतिसाद देत नाही. मग आमचा माणूस शिल्लक आहे, की केवळ यंत्र चालू आहे?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे आणि ते ठिकाण साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. आपल्या स्नायूंच्या पेशींवर जी अतिसूक्ष्म दारे असतात, ती उघडतात कशी, मिटतात कशी आणि सापाचे विष त्यांचे नेमके काय करते, हे एकदा ध्यानी आले म्हणजे खर्चाचा आकडाही समजतो आणि त्या निश्चल देहाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यक शाखेचा नव्हे. आपल्या भूलतज्ज्ञांनी व वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वेळोवेळी जे समजावून दिले आणि त्या अनुषंगाने जे वाचनात आले, ते हिशेबनिसाला समजेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे एक दुपदरी आवरण असते. त्यास पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले असता त्यांपैकी एक. पटल तेलकट असल्यामुळे पाण्यात विरघळणारे विद्युतभारित कण त्यातून आरपार जाऊ शकत नाहीत. मीठ पाण्यात विरघळले की सोडियमचे असे भारित कण सुटे होतात. त्यांस आयन म्हणतात. शरीरात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व क्लोराइड यांचे आयन मुख्य होत. आता त्यांची वाटणी पाहा. पेशीच्या बाहेरील द्रवात लिटरमागे सोडियम सुमारे १४५ मिलिमोल, आत जेमतेम १० ते १५. याउलट पोटॅशियम आत सुमारे १४० आणि बाहेर अवघे ४ ते ५. ही विषम वाटणी आपोआप राहात नाही. पेशीपटलात बसविलेला एक पंप प्रत्येक फेरीत सोडियमचे ३ आयन बाहेर काढतो, पोटॅशियमचे २ आत घेतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतो. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये तो दाखवून दिला आणि १९९७ मध्ये त्यांस रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपण स्वस्थ पडून असलो तरी शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या पंपावर खर्च होत असतो.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर पंप हा अहोरात्र ठेव भरीत असतो आणि दारे ही ठेव काढण्याची खिडकी होय. ठेव असल्यावाचून खिडकी उघडून काही उपयोग नाही. आणि खिडकी उघडल्यावाचून ठेव कितीही मोठी असली तरी व्यवहार होत नाही. स्नायूच्या पेशीत या ठेवीमुळे आतबाहेर सुमारे ९० मिलिव्होल्टचा फरक राहतो. विजेरीतल्या दीड व्होल्टच्या सेलपुढे हा आकडा नगण्य वाटतो. परंतु पटलाच्या जाडीचा विचार केला तर हा ताण दर मीटरला एक कोटी व्होल्टहून अधिक होतो. अशा ताणाखालील पटलात एखादे दार क्षणभर जरी उघडले, तरी आयन केवढ्या वेगाने आत घुसत असतील याची कल्पना यावरून यावी.

ही दारे म्हणजे प्रथिनांच्या रेणूंच्या नळ्या. त्यांस आयन मार्गिका असे नाव आहे. सगळी दारे एकाच रीतीने उघडत नाहीत. काही विद्युतदाब बदलला की उघडतात. काही उष्णतेने अथवा स्पर्शाने उघडतात. मिरचीच्या ठेच्याने तोंड भाजल्यासारखे वाटते, त्याचे कारण मिरचीतील तिखट द्रव्य ज्या दारास उघडते, तेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही उघडते. मेंदूला दोहोंतील भेद कळत नाही. हे दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि स्पर्शाची दारे शोधणारे आर्डेम पटापूटियन यांस २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिसरा प्रकार रासायनिक किल्लीने उघडणाऱ्या दारांचा. ठरावीक रेणू बाहेरून येऊन कुलपात बसला म्हणजेच ते उघडते. कुलूप आणि दार एकाच प्रथिनात असल्यामुळे त्यास ग्राही मार्गिका म्हणावयाचे. ग्राही म्हणजे निरोप ग्रहण करणारा. सर्पदंशाची कथा या तिसऱ्या प्रकारच्या दाराशी घडते.

एवढी सूक्ष्म वस्तू आहे हे कळले तरी कसे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. कोकणात ज्यास माकूळ म्हणतात त्या सागरी प्राण्याच्या एका जातीत विलक्षण जाड मज्जातंतू असतो. त्यात तार घालून इंग्लंडच्या हॉजकिन व हक्सले यांनी १९५२ मध्ये सोडियम व पोटॅशियम यांच्या ये-जा करण्याचे गणित मांडले. ते गणित दारे असलीच पाहिजेत असे सांगत होते. दार मात्र कोणी पाहिले नव्हते. १९७६ मध्ये जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे तोंड बेडकाच्या स्नायूपेशीवर टेकविले आणि एकाच दारातून वाहणारा प्रवाह मोजून दाखविला. कागदावरील रेषा पायरीसारखी वर चढे व पायरीसारखीच खाली येई. मध्ये काही नाही. दार एकतर उघडे अथवा बंद. अर्धवट किलकिले असा प्रकार नाही. लेखकास या सबंध विषयातील ही रेषा सर्वांत सुंदर वाटते, आणि नेहर-साकमान यांस १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले असे वाटते. त्यांनी त्या दिवशी मोजलेले दार हेच आपले प्रस्तुतचे दार होय.

आता स्नायूकडे वळू. श्वास घ्यावयाचा झाला की मेंदूतून निघालेला संदेश मज्जातंतूच्या टोकापर्यंत विद्युतदाबाने उघडणाऱ्या दारांच्या साखळीवरून धावत येतो. परंतु मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांस चिकटलेले नसतात. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. ती विजेने ओलांडली जात नाही. टोकाशी संदेश पोहोचला की तेथील कॅल्शियमची दारे उघडतात. आत आलेल्या कॅल्शियममुळे टोकातील इवल्या पिशव्या फुटून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य फटीत सांडते. एका पिशवीत या द्रव्याचे हजारो रेणू असतात. ते फट पार करून स्नायूच्या पटलावरील ग्राहींपाशी पोहोचतात. हे ग्राही तेथे अक्षरशः दाटीवाटीने असतात. एका चौरस मायक्रोमीटरमध्ये सुमारे दहा हजार.

हा ग्राही पाच प्रथिनांच्या पट्ट्या जोडून तयार होतो. लाकडी पिंपाच्या फळ्या उभ्या लावाव्यात तशा या पाच पट्ट्या उभ्या असतात आणि मध्ये पोकळी राहते. पाचांपैकी दोन पट्ट्या एकसारख्या असून कुलपे त्यांच्या कडेशी आहेत. म्हणजे एका दारास दोन कुलपे, जशी बँकेच्या लॉकरला असतात. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू दोन्ही कुलपांत बसले की पाचही पट्ट्या किंचित पिळवटतात, मधला अरुंद भाग रुंदावतो आणि दार उघडते. ते उघडे राहते जेमतेम मिलिसेकंदभर. तेवढ्यात सोडियमचे दहा हजारांहून अधिक आयन आत शिरतात. असंख्य दारे एकदम उघडल्याने स्नायूचा विद्युतदाब बदलतो, मग स्नायूची स्वतःची विद्युतदाबाने चालणारी दारे उघडतात, पेशीच्या आतील साठ्यातून कॅल्शियम सुटते आणि स्नायू आकुंचन पावतो. दरम्यान फटीतील कोलीनएस्टरेज हे विकर किल्ल्या मोडून टाकते, जेणेकरून दार पुढच्या निरोपासाठी मोकळे व्हावे. छातीचा पडदा एकदा खाली जाण्यासाठी एवढे सारे घडते, आणि आपण मिनिटास पंधरा-सोळा वेळा श्वास घेतो.

निसर्गाने येथे एक राखीव निधी ठेवला आहे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी समजून घ्यावी अशी सर्वांत महत्त्वाची बाब तीच आहे. प्रत्येक निरोपासोबत गरजेपेक्षा कितीतरी अधिक ॲसिटिलकोलीन सुटते, आणि दारेही गरजेपेक्षा अधिक असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी भूलतज्ज्ञ जी औषधे देतात, ती याच दारांना अडवितात. त्यांवरील अभ्यासातून असे दिसून आले की, सुमारे ७० ते ७५ टक्के दारे अडेपर्यंत स्नायूच्या जोरात फरकच दिसत नाही, आणि ९० ते ९५ टक्के अडली की स्नायू पूर्ण निकामी होतो. म्हणजे पहिली पाऊणशे टक्के हानी बाहेरून कळत नाही आणि उरलेली फार थोड्या अवकाशात होते. "तासापूर्वी तर चालत-बोलत होता हो," असे जे आपण वारंवार ऐकतो, त्याचा अर्थ हा आहे. तासापूर्वी तो मनुष्य बरा नव्हता. तो राखीव निधीवर जगत होता.

नागाच्या विषातील मज्जासंस्थेवर परिणाम करणारे प्रथिन त्याच कुलपात जाऊन बसते. ते आकाराने ॲसिटिलकोलीनहून कितीतरी मोठे असते; कुलपात अडकते, पण दार उघडत नाही. खऱ्या किल्लीला आता जागाच नाही. कोलीनएस्टरेज त्यास मोडू शकत नाही. मज्जातंतू निरोप पाठवीत राहतो, ॲसिटिलकोलीन सांडत राहते, परंतु स्नायूस काही पोहोचत नाही. प्रथम पापण्या मिटू लागतात, मग दृष्टी दुहेरी होते, गिळणे व बोलणे जड होते, मान सावरत नाही आणि अखेरीस श्वासाचे स्नायू थकतात.

गंमत अशी की, या ग्राहीची ओळख विज्ञानाला सापानेच करून दिली. तैवानमध्ये चेन-युआन ली आणि सी. सी. चांग यांनी १९६३ मध्ये तेथील पट्टेरी मण्यारीच्या विषातून बंगारोटॉक्सिन वेगळे केले. त्याचा एक प्रकार ग्राहीस इतका घट्ट धरतो की, त्याचा गळासारखा उपयोग करून ग्राही पेशीपटलातून ओढून काढता येतो. विजेचा झटका देणाऱ्या माशांच्या विद्युत इंद्रियात हे ग्राही खच्चून भरलेले असतात; त्यामुळे १९७० च्या सुमारास ते तेथून शुद्ध स्वरूपात मिळविता आले. ज्या विषाने माणूस मरतो त्याच्याच साहाय्याने दाराची रचना कळली.

मुंगूस नागाशी झुंजते आणि एखादी वनस्पती चावून विष उतरविते, असा आपल्याकडे समज आहे. मुंगसाला वनस्पतीची गरज नाही. त्याच्या ग्राहीच्या कुलपाशी असलेली प्रथिनाची घडण थोडी निराळी आहे, त्यामुळे नागाचे विष तेथे नीट बसत नाही, ॲसिटिलकोलीन मात्र बसते. नागाच्या स्वतःच्या ग्राहीचीही तशीच व्यवस्था आहे. अन्यथा तो आपल्याच विषाने मेला असता.

मण्यारीची गोष्ट अधिक गंभीर. रात्री घरात शिरणारा हा साप जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंशाची वेदना बहुधा होत नाही, सूज येत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून मनुष्य उठतो, घरचे पित्त झाले समजून लिंबूपाणी देतात आणि उजाडेपर्यंत पापण्या उघडेनाशा होतात. मण्यारीचे विष दोन बाजूंनी घाला घालते. त्यातील काही प्रथिने नागाच्या विषाप्रमाणे ग्राही अडवितात; परंतु दुसरे एक द्रव्य फटीच्या अलीकडे, मज्जातंतूच्या टोकावरच हल्ला करते आणि ते टोकच नष्ट करते. कुलूप शाबूत असले तरी किल्ल्या बनविणारा कारखाना बंद पडतो.

येथे सभेतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. प्रतिविष हे घोड्याच्या शरीरात तयार झालेले प्रतिपिंड होत. रक्तात फिरणाऱ्या विषास ते गाठतात व निष्प्रभ करतात. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर एकत्रित असते. त्याचे प्रत्येक मिलिलिटर नागाचे ०.६ आणि मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करील असे प्रमाण ठरलेले आहे. उपचाराची सुरुवात सामान्यतः ८ ते १० कुप्यांनी होते. बालकासही तेवढ्याच कुप्या लागतात, कारण साप समोरच्याचे वय पाहून विष सोडीत नाही. परंतु जे विष आधीच कुलपात घट्ट बसले, ते प्रतिविषाने सहजी निघत नाही; आणि मज्जातंतूचे टोक एकदा नष्ट झाले की जगातील कोणत्याही कुपीने ते पुन्हा उगवत नाही. ते शरीरालाच नव्याने बांधावे लागते. त्यास दिवस लागतात, प्रसंगी आठवडेही. त्या अवधीत श्वासाचे काम यंत्राने करावयाचे, इतकेच. प्रतिविष पुढचे नुकसान थांबविते. झालेले नुकसान काळ भरून काढतो, आणि तो काळ विकत घेण्याचे साधन म्हणजे श्वसनयंत्र होय.

नागाच्या दंशात निओस्टिग्मीन नावाचे स्वस्त इंजेक्शन उपयोगी पडते. ते कोलीनएस्टरेज या विकरास रोखते, त्यामुळे फटीतील किल्ल्या मोडल्या जात नाहीत, त्यांची गर्दी वाढते आणि जी थोडी कुलपे मोकळी असतील वा होतील ती त्यांस मिळतात. अर्ध्या तासात मिटलेल्या पापण्या उघडल्याचे आपल्या डॉक्टरांनी पाहिले आहे. मण्यारीच्या दंशात मात्र किल्ल्याच नसतात, म्हणून या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. दोन शेजारच्या खाटांवरील दोन सर्पदंशाचे रुग्ण, एक दुसऱ्या दिवशी जेवतो आणि दुसरा आठवडाभर यंत्रावर असतो, यात डॉक्टरांचा पक्षपात नसतो.

आता बाकावरील प्रश्न. हे विष मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ते ओलांडू शकत नाही. म्हणून स्नायू निकामी झाले तरी शुद्ध जात नाही. मण्यारीच्या दंशात डोळ्यांच्या बाहुल्यादेखील विस्फारून स्थिर होतात व प्रकाशास प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे मेंदू मृत झाल्याचा आभास अनुभवी माणसालाही होऊ शकतो. १९४७ मध्ये अमेरिकेतील स्कॉट स्मिथ या डॉक्टरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हेच ग्राही अडविणारे कुरारे हे द्रव्य त्याने पूर्ण जागेपणी स्वतःस टोचून घेतले. त्याच्या शरीराचा एकही स्नायू हलेना, श्वास सहकाऱ्यांनी चालविला. आणि परिणाम ओसरल्यावर त्याने त्या काळात झालेले संभाषण सांगितले. त्यास सर्व ऐकू येत होते, सर्व कळत होते.

हृदय कसे चालू राहते, असेही विचारले जाते. हृदयाला ठोक्यासाठी मज्जातंतूच्या निरोपाची गरज नाही. ते आपल्याच पेशींतील दारांच्या उघडझापीने चालते. मज्जातंतू त्यास फक्त सावकाश अथवा वेगात चाल असे सांगतो, आणि हृदयावरील ॲसिटिलकोलीनचा ग्राही निराळ्या घडणीचा आहे. तो स्वतः दार नसून दारास सूचना देणारा पहारेकरी आहे. नागाचे विष त्याच्याशी अशा रीतीने झोंबत नाही.

म्हणून श्वसनयंत्रावरील सर्पदंशाच्या रुग्णाच्या खाटेपाशी "हा काही वाचत नाही" असे कोणीही बोलू नये, अशी सूचना आपल्या अतिदक्षता विभागात सर्व कर्मचाऱ्यांस दिलेली आहे. नातेवाइकांपैकी एकास ठरलेल्या वेळी आत सोडले जाते. त्याने रुग्णास नावाने हाक मारावी, दिवस-वेळ सांगावी, घरचे वर्तमान सांगावे. नळी शोषून काढणे, इंजेक्शन देणे यांपूर्वी परिचारिका रुग्णास तसे सांगतात. पाहणाऱ्यास हे विचित्र वाटते. रुग्ण बरा होऊन सांगू लागतो तेव्हा वाटत नाही.

याच दाराची उलट बाजूही आपल्या ग्रामीण रुग्णालयांस परिचित आहे. पिकांवर फवारावयाची अनेक कीटकनाशके कोलीनएस्टरेज विकराला घट्ट बांधून टाकतात. मग किल्ल्या मोडल्या जात नाहीत, दारांवर अखंड मारा होतो, स्नायू थरथरतात आणि शेवटी दारे थकून प्रतिसाद देईनाशी होतात. लाळ, घाम, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले, तेव्हा हा विषय वृत्तपत्रांत आला. वॉर्डात तो नेहमीच असतो. निओस्टिग्मीन योग्य मात्रेत जे करते तेच हे विष बेलगाम करते.

विंचवाचे दार वेगळे. कोकणातील लाल विंचवाचे विष मज्जातंतूवरील सोडियमची दारे मिटू देत नाही. त्यामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब भडकतो आणि फुफ्फुसांत पाणी साठते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या रुग्णांना देऊन मृत्यू मोठ्या प्रमाणावर टाळले. त्यांचे संशोधन लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावी राहून, रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून केलेले हे काम आहे, याचा येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो.

बाह्यरुग्ण विभागाच्या औषधखिडकीवरही या दारांचाच व्यवहार चालतो. दाढ काढताना देतात ते लिग्नोकेन सोडियमची दारे बंद करते, रक्तदाबाची ॲम्लोडिपीन रक्तवाहिन्यांतील कॅल्शियमची, मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड स्वादुपिंडातील पोटॅशियमची. ज्यांच्या पापण्या सकाळी ठीक व सायंकाळी मिटलेल्या असतात अशा मायस्थेनियाच्या रुग्णांत तर शरीराचीच प्रतिकारशक्ती ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींवर उलटलेली असते. १९३४ मध्ये इंग्लंडच्या डॉ. मेरी वॉकर यांनी कोलीनएस्टरेज रोखणारे औषध अशा रुग्णास प्रथम दिले, आणि त्याच कुळातील गोळी आजही दिली जाते.

राहता राहिला जमाखर्च. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशास उपेक्षित आजारांच्या यादीत अग्रक्रम दिला, आणि केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आपल्या पातळीवर प्रश्न अधिक साधा आहे. प्रतिविषाच्या कुप्यांना मुदत असते. पाऊस कमी झाला, दंश कमी झाले की काही कुप्या न वापरता मुदतबाह्य होतात आणि लेखापरीक्षक त्या नुकसानीखाली दाखवितात. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. परंतु अग्निशामक बंबातील पाणी न वापरता राहिले तर त्यास आपण नुकसान म्हणत नाही; या कुप्यांचा साठा त्याच खात्यात मोजावा, असे लेखकाचे मत आहे. दुसरी बाब विद्युतजनित्राची. श्वसनयंत्रासाठी देणगी देणारे सज्जन भेटतात, त्यावर नावाची पट्टी लावता येते. जनित्राच्या डिझेलवर पट्टी लागत नाही, आणि पावसाळ्यात वीज जाते ती नेमकी सापांच्या दिवसांत.

रुग्णांच्या आप्तजनांसाठी थोडेसे. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. मण्यारीपासून एवढे साधे संरक्षण दुसरे नाही. दंश झाल्यास दोरी आवळू नये, जखम चिरू नये, रक्त चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. हात वा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णास चालवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साप मारून आणण्याची गरज नाही, प्रतिविष चारही सापांवर एकच आहे. वाटेत पापणी जड झाली, बोलणे अडखळले वा थुंकी गिळता येईना तर ती वेळ लक्षात ठेवावी, आणि दंशाची वेळ व ही वेळ, दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून अपघात विभागातील डॉक्टरांच्या हाती द्याव्यात.